स्ट्रोकनंतर पुन्हा चालणं : घरच्या घरी किती जमतं? (कोल्हापूर)

शुक्रवारपेठ

नमस्कार मंडळी. माझ्या सासूबाईंना (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो) दिवाळीनंतर स्ट्रोक झाला. मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि डावा हात, डावा पाय गेला. घरी आणलं तेव्हा कुशीवर वळवायलासुद्धा दोघं लागायची. आता त्या खाटेच्या कडेला आपल्या आपण बसतात, धरलं की उभ्या राहतात आणि माझ्या आधाराने सोप्यातून स्वयंपाकघरापर्यंत येतात. येतात म्हणजे कशा, तर उजवा पाय टाकतात आणि डावा मागून ओढत आणतात.

धागा काढायचं कारण असं की आजारपणात सल्ले द्यायला गल्ली गोळा होते, पण माणसाला पायावर उभं कसं करायचं, कुठं धरायचं, काय टाळायचं, हे नीट सांगणारं कुणी भेटत नाही. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची मोठी यादी होती आणि तळाला 'फिजिओथेरपी चालू ठेवा' एवढी एकच ओळ. आमच्या घरी एक फिजिओ ताई आठवड्यातून दोनदा येतात, चांगल्या आहेत. बाकीचे दिवस मी आणि माझे मिस्टर करून घेतो.

आमच्याकडे एक वेगळीच अडचण आहे, ती आधी सांगते. आत्याबाईंना डावी बाजू जाणवतच नाही. ताटात भात, आमटी, भाजी, भाकरी सगळं वाढलं तरी उजव्या अर्ध्यातलं तेवढं संपवतात आणि 'भाजी वाढली न्हाईस व्हय?' म्हणून विचारतात. ताट फिरवून दिलं की 'ही कुठनं आली' म्हणून खातात. डोळे तपासले, नजर चांगली आहे. डॉक्टर म्हणाले, मेंदू डावीकडचं जग हिशेबात धरत नाही. चालताना ह्याचा फार त्रास होतो. डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटतो, डावा पाय खुर्चीत अडकतो आणि त्यांना पत्ता नसतो.

माझे प्रश्न :
डावा गुडघा उभं राहताना मागच्या बाजूला झटका देऊन जातो. हे थांबवायचं कसं?
पाऊल खाली लोंबतं, बोटं फरशीला घासतात. त्याला स्प्लिंट लावायचं का? लावलं तर पायाला त्याचीच सवय लागते म्हणतात, ते खरं का?
मुंबई-पुण्याकडे पेशंटला पट्ट्यांनी टांगून ट्रेडमिलवर चालवणारी मशिनं आहेत म्हणे. तिकडं न्यावं का? पैशाची जुळवाजुळव करू, पण उपयोग व्हायला पाहिजे.
आणि शेवटचं, घरातल्यांनी करून घेतलेला व्यायाम खरंच पुरतो का?

आत्याबाईंची इच्छा एकच आहे. गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचं आणि समोर म्हैस पिळून दिलेलं दूध तिथंच उभं राहून प्यायचं. आमच्या घरापासून ते फार लांब नाही. पण आज ते अंतर लांबच आहे.


फिजिओ_करवीर

ताई, प्रश्न नेमके विचारलेत. मी गेली बरीच वर्षं हेच काम करते, तर जरा सविस्तर लिहिते.

चालण्याच्या आधी उठणं येतं. खुर्चीतून उठणं आणि परत सावकाश बसणं हा सगळ्यात मोलाचा व्यायाम आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागे सरकणार नाही. सुरुवातीला उंच बसवा, खाली घट्ट घडी केलेली सतरंजी घाला. दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली आणि गुडघ्यांच्या थोडी मागे घेतलेली पाहिजेत. मग पुढे झुकायचं, नाक पायाच्या अंगठ्याच्या पुढे येईल इतकं, आणि मग उठायचं. बहुतेक पेशंट सरळ वर उठायला बघतात आणि म्हणून परत धपकन बसतात. आत्याबाईंचं डावं पाऊल उजव्यापेक्षा किंचित मागे ठेवा, म्हणजे उठताना डाव्या पायाला काम करावंच लागेल. नाहीतर शरीर हुशार असतं, सगळा भार चांगल्या पायावर टाकून मोकळं होतं. जमायला लागलं की सतरंजी काढा. उंची कमी करत जाणं हीच ह्यातली प्रगती.

तुम्ही उभं कुठं राहायचं? डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. कमरेला रुंद कापडी पट्टा बांधा आणि हात त्या पट्ट्यात ठेवा. डावा हात धरून ओढायचा नाही, काखेत हात घालून उचलायचं तर अजिबातच नाही. लुळ्या हाताचा खांदा मुख्यतः स्नायूंच्या जोरावर जागेवर असतो. ते स्नायू ढिले पडलेत, ओढलं की खांदा खाली सरकतो आणि मग त्या दुखण्यापुढे चालण्याचा सराव बाजूलाच राहतो. दवाखान्यात, रिक्षात बसवताना, पाहुणे आल्यावर मदतीच्या हौसेने लोक हेच करतात. घरात सगळ्यांना बजावून ठेवा.

गुडघा मागे जातो तो दोन-तीन कारणांनी. मांडीची ताकद कमी असते, पोटरी ताठरलेली असते आणि गुडघा किती वाकलाय हे मेंदूला कळत नसतं. तो झटका वर्षभर बसत राहिला तर गुडघ्यामागचे बंध ताणले जातात आणि गुडघा कायमचा दुखायला लागतो, म्हणून दुर्लक्ष करू नका. ओट्याला धरून उभं करा, गुडघा थोडासाच वाकवायचा, परत सरळ करायचा, पण पूर्ण मागे जाऊ द्यायचा नाही. तुमचा तळहात गुडघ्याच्या मागे ठेवा, म्हणजे कुठं थांबायचं ते त्यांना स्पर्शाने कळेल.

स्प्लिंटबद्दल : लावा. त्याला एएफओ म्हणतात. पोटरीच्या मागून तळपायाखाली जाणारा प्लास्टिकचा साचा असतो. पाऊल उचललेलं राहतं, बोटं घासत नाहीत आणि नीट मापाचा असला तर मागे जाणाऱ्या गुडघ्यालाही आवर बसतो. 'सवय लागते' ह्या भीतीने लोक तो कपाटात ठेवतात आणि पेशंट घरात बसून राहतो. त्यापेक्षा स्प्लिंट घालून रोज चाललेलं केव्हाही चांगलं. तयार मिळतो, पण माप घेऊन केलेला चांगला बसतो. काढल्यावर रोज टाच आणि घोटा बघायचा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर साचा कुठेतरी घासतोय, परत नेऊन दुरुस्त करून घ्या. संवेदना कमी असलेल्या पायाला जखम झालेली पेशंटला कळत नाही. साखर असेल तर आणखीच जपा.

आता मशिनचं. अमेरिकेत ह्याच प्रश्नावर मोठी चाचणी झाली, २०११ साली तिचे निष्कर्ष छापून आले. ४०८ पेशंट होते. काहींना पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर चालवलं, काहींच्या घरी फिजिओ जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम घेत होते. वर्षाअखेर साधारण ५२ टक्के लोकांचं चालणं वरच्या पायरीवर गेलं आणि दोन्ही प्रकारांत फरक निघाला नाही. त्यामुळे मशिनसाठी दागिने मोडू नका. जवळ असेल, परवडत असेल तर वाईट नाही. पण ते नाही म्हणून आत्याबाई मागे राहतील असं मुळीच नाही.


शुक्रवारपेठ

ताई, किती नीट लिहिलंत. काखेत हात घालून उचलणं आमच्याकडे सर्रास चालू होतं, आजपासून बंद. डावी बाजू न जाणवण्याबद्दल काही सांगाल का?


फिजिओ_करवीर

हो, ते राहिलंच. सगळ्या गोष्टी डावीकडून सुरू करा. तुम्ही बोलायला बसाल तर डावीकडे बसा. त्यांची खाट अशी फिरवा की दार आणि घरातली वर्दळ डाव्या हाताला येईल. ताटाच्या डाव्या कडेला, दाराच्या डाव्या चौकटीला लाल चिकटपट्टी लावा आणि 'लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवा' असं सांगा. चालताना प्रत्येक दाराशी थांबायचं, पट्टी शोधायची, मग पाऊल. त्यांना ओरडून 'डावीकडे बघा की' म्हणून उपयोग नसतो, कारण त्यांच्या लेखी त्यांनी सगळं बघितलेलं असतं. अशा पेशंटना आपल्याला काही कमी आहे हेच पटत नाही, म्हणून एकटं उठायला जातात आणि पडतात. रात्री जास्त जपा.


आबा_कळंबा

मी सांगतोय, नातू टाईप करतोय.

माझ्या अंगावरनं वारं गेलं त्याला लई दिस झालं. उजवा हात-पाय गेला, बोलणं बी गेलं. आता बोलतोय, जरा अडखळतोय एवढंच. काठी घिऊन कळंब्याच्या तळ्यापतुर जातोय-येतोय.

पोरी, तुझ्या सासूला पयल्यांदा काय वाटत असंल ते सांगतो. उभं केलं तवा मला जमीन कुठं हाय तेच कळंना. पाय हाय का न्हाई ते खाली बघून ठरवायला लागायचं. आनी भ्या. पडायचं भ्या असलं बसलं हुतं की फिजिओवाला पोरगा आला की मी झोपल्याचं सोंग घ्यायचो. त्ये पोरगं लई गुणी. त्यानं पयलं मला पडल्यावर उठायचं कसं त्ये शिकवलं. चटईवर बसवलं, कुशीवर व्हायचं, चांगल्या हातावर जोर द्यायचा, गुडघ्यावर यायचं, खुर्ची धरायची, उठायचं. एकदा उठता येतंय म्हणल्यावर पडायचं भ्या निम्मं गेलं. ह्ये सगळ्यांनी शिकवाय पायजे, कुणी शिकवत न्हाई.

दुसरं. दमणूक. निस्ती आंघोळ करून खुर्चीत बसलं तरी पाक गळून जायाला हुतंय. घरच्यास्नी वाटतंय आळस करतोय. आळस नसतोय त्यो. सकाळी अंगात जोर असतोय, तवा चालून घ्यायचं, दुपारी झोपायचं, सांजच्याला परत थोडं.

तिसरं. आयुष्यभर पायात कोल्हापुरी घातली. ती आता भिंतीला टांगली. मागं पट्टा नसतोय, पाय उचलला की चप्पल जाग्यावरच ऱ्हातीय, आनी तळ कातड्याचा, फरशीवर सरकतोय. बूट घ्या, मागनं बंद असलेला, चिकटपट्टीचा. स्प्लिंट आत बसायचा असंल तर एक नंबर मोठा. पायात काय न घालता निस्तं मोजं घालून फरशीवर चालवू नका.

आनी एक सांगतो. माझं बोलणं गेलं हुतं तवा भेटाय येणारं लोक माझ्या खाटंपाशी हुबं राहून म्हणायचं, 'आता ह्यांचं काय खरं न्हाई.' मला सगळं ऐकू येत हुतं, सगळं कळत हुतं, निस्तं तोंडातनं सबुद निघत न्हवता. असलं बोलणाऱ्या पावण्यास्नी उंबऱ्याच्या आत घिऊ नका.


पुण्यातली_लेक

आबा, तुमचा प्रतिसाद वाचून गळा दाटून आला. माझे बाबा गडहिंग्लजला असतात, त्यांचंही बोलणं गेलंय. आज रात्री फोनवर मी बोलेन आणि त्यांना नुसतं ऐकू देईन.


गडहिंग्लजकर५२

आमच्या गावाकडे एक जण झाडपाल्याचं औषध देतो, लकव्याचे पेशंट लांबून येतात. माझे चुलते तिथून आले आणि महिन्यात चालायला लागले. काही लोक पारव्याच्या रक्ताने मालिशही करतात. इंग्रजी औषधं चालू ठेवून हे करून बघायला काय हरकत आहे? कुणाची श्रद्धा मोडायची नाही, अनुभव सांगितला.


मेंदू_आणि_नसा

मी डॉक्टर आहे. ह्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो, कारण ह्यात पेशंटचं नुकसान होताना पाहिलंय.

स्ट्रोकनंतर पहिल्या काही आठवड्यांत मेंदूवरची सूज ओसरते आणि अर्धवट जगलेल्या भागाचं काम परत सुरू होतं. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने सुधारणा दिसते. बऱ्याच पेशंटमध्ये ती कुणी काहीही न देता थोडीफार होतेच. त्या काळात ज्याच्याकडे नेलं त्याला श्रेय मिळतं. तुमचे चुलते चालायला लागले ह्याचा मला आनंद आहे, पण ते पाल्याने चालले असं त्यावरून ठरत नाही. पारव्याच्या रक्ताने चामडी माखते, मेंदूपर्यंत काही पोचत नाही. आणि हरकत काय म्हणाल, तर दोन आहेत. एक म्हणजे ही औषधं सुरू करताना 'त्या गोळ्या बंद करा' असं सांगितलं जातं आणि बीपीची, रक्त पातळ ठेवायची गोळी सुटते. दुसरी म्हणजे मालिश. अंथरुणावरच्या पेशंटची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर आत गुठळी असू शकते. ती चोळली तर सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशी पोटरी दिसली तर तेल नको, दवाखाना गाठा.

घाईबद्दलही लिहितो, कारण उत्साही मुलं दुसऱ्याच दिवशी बापाला चालवायला बघतात. २०१५ साली एका मोठ्या चाचणीचा निकाल आला, पाच देशांतले २१०४ पेशंट होते. पहिल्या २४ तासांत खाटेवरून उठवून वारंवार, जास्त वेळ हालचाल करून घेतलेल्या लोकांचा तीन महिन्यांनंतरचा निकाल नेहमीच्या पद्धतीपेक्षा उलट थोडा कमीच निघाला. पेशंटला पडूनच ठेवायचं असा ह्याचा अर्थ नाही. सुरुवातीला थोडं-थोडं, डॉक्टर सांगतील तसं. जोर नंतर वाढवायचा.

आणि ज्यांच्या घरी एकदा स्ट्रोक झालाय त्यांना पुन्हा होण्याचा धोका असतो, म्हणून हे पाठ असू द्या : अचानक तोल जाणं, दिसायला कमी येणं, तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं बोबडं होणं. ह्यातलं काहीही दिसलं की घड्याळ बघा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या दवाखान्यात जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. हे तास पेशंट शेवटचा धड दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणून 'सकाळपर्यंत बघू' हे वाक्य फार महागात पडतं. तोंडात पाणी, औषध, काही घालू नका. गिळणं गेलेलं असू शकतं.

मीठ कमी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सगळ्या जेवणात मिळून एक सपाट चमचा. आपल्याकडे भाकरीबरोबर ठेचा, लोणचं, पापड आणि वर चटणी, ह्यातच तेवढं जातं.


पुण्यातली_लेक

डॉक्टर, फिजिओताई, एक विचारायचं आहे आणि जरा वादाचं आहे. धागाकर्तीचा शेवटचा प्रश्न मलाही छळतो. भारतातच १४ दवाखान्यांत एक चाचणी झाली होती, १२५० पेशंट होते, २०१७ मध्ये निकाल आला. त्यात घरातल्या एका माणसाला शिकवून त्याच्याकडून पेशंटचा व्यायाम करून घेतला. सहा महिन्यांनी बघितलं तर मृत्यू किंवा परावलंबन, ह्यात नेहमीच्या उपचारांपेक्षा काहीच फरक नाही. मग आपण घरच्या बाईला हे सगळं करायला का लावतोय? आमच्याकडे माझी वहिनी नोकरी सोडून बाबांचं करते. सगळे म्हणतात, 'घरचं माणूस करतंय तसं कोण करणार.' तिची पाठ गेली, तिचं कुणी विचारत नाही. त्या चाचणीनंतर मला वाटतं की 'घरच्या घरी जमतं' हे म्हणणं सोयीचं आहे, खरं नाही.


फिजिओ_करवीर

तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मी वर जी अमेरिकेतली चाचणी सांगितली त्यात घरी व्यायाम झाला, पण तो फिजिओने येऊन घेतलेला होता. दीड-दीड तासाची ३६ सत्रं, तीन-चार महिन्यांत. प्रत्येक वेळी पेशंट बघून व्यायाम एक पायरी अवघड केला जात होता. भारतातल्या चाचणीत ते काम घरच्यांकडे सोपवलं गेलं. दोन्हींना 'घरी' म्हणतात, पण दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

माझं मत स्पष्ट सांगते. घर ही जागा चांगली आहे. तोच उंबरा, तोच ओटा, तेच न्हाणीघर, जिथं वावरायचं तिथंच सराव. पण घरचं माणूस फिजिओच्या जागी बसवता येत नाही. घरच्यांनी करायचं ते एवढंच : फिजिओने ह्या आठवड्यात ठरवून दिलेलं रोज घडवून आणायचं. गुडघा मागे जातोय का, व्यायाम कधी अवघड करायचा, हे बघणारा जाणता डोळा वेगळा लागतो. रोज परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा, तेही नसेल तर पंधरवड्यातून एकदा, पण तो डोळा हवाच. खाजगी परवडत नसेल त्यांनी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढून फिजिओथेरपी विभागात दाखवावं.

आणि वहिनींच्या पाठीबद्दल. पेशंटला उचलावं लागतंय म्हणजे पद्धत चुकतेय. तिथल्या फिजिओला सांगा की एक पूर्ण सत्र वहिनींसाठी ठेवा, कसं वाकायचं, पेशंटला पुढे झुकवून त्याच्याच वजनाने कसं उठवायचं, ते शिकवायला. भाऊ घरी असतो ना? त्यालाही त्याच सत्रात उभा करा.


पुण्यातली_लेक

भावाला आजच फोन करते. ह्या रविवारी मी जातेय, शनिवारी रात्रीपासून सोमवारपर्यंत बाबांचं सगळं मी बघेन आणि वहिनी तिच्या माहेरी जाईल. तिने मागितलं नव्हतं, पण द्यायला पाहिजे होतं.


सुतारकाम_उचगाव

मी ह्यातला डॉक्टर नव्हे, पण अशी बरीच घरं करून दिलीत म्हणून लिहितो.

न्हाणीघर आणि संडास आधी बघा. माणूस पडतं ते तिथंच. पकडायचा दांडा स्टीलचा, मुठीत पूर्ण मावेल इतक्या जाडीचा, विटेच्या भिंतीत फास्टनर मारून बसवायचा. टॉवेलच्या दांड्याला धरून पेशंट उठायला लागला की दांडा आणि पेशंट दोन्ही खाली येतात. ताई, तुमच्या आत्याबाईंचा उजवा हात चालतो, तर कमोडवर बसल्यावर उजव्या हाताला दांडा पाहिजे. बरीच मंडळी जिथं भिंत मोकळी तिथं बसवून घेतात आणि तो निकामी हाताकडं येतो. भारतीय बैठकीचा संडास असेल तर तोडफोड न करता वर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, पण तिच्या पायांची रबरं घट्ट बघून घ्या.

पेठेतल्या जुन्या घरांत उंबरे उंच असतात. देवाचा उंबरा म्हणून लोक काढू देत नाहीत, मग दोन्ही बाजूंनी लाकडी उतार करून देतो. एक इंच उंचीला एक फूट लांबी धरायची, त्यापेक्षा खडा केला तर पाऊल अडकतं. शहाबादी फरशी ओली झाली की निसरडी होते, तिथं रबरी मॅट टाका. सुटे पायपुसणे, सतरंज्या सगळ्या उचला. खाटेची उंची अशी करा की बसल्यावर पावलं पूर्ण टेकतील. खाट ते संडास ह्या वाटेवर रात्रभर एक बारीक दिवा.


शुक्रवारपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही घडेपर्यंत थांबले होते.

स्प्लिंट माप घेऊन केला. पहिला टाचेला घासत होता, परत नेऊन नीट करून आणला. बोटं आता फरशीला घासत नाहीत. गुडघ्याचा झटका पूर्ण थांबला नाही, पण थकल्यावरच येतो. फिजिओ ताईंना हा धागा दाखवला, त्यांनी आठवड्याचं वेळापत्रक लिहून भिंतीला लावून दिलंय आणि दर खेपेला एक गोष्ट अवघड करून जातात. आता खुर्चीखाली सतरंजी लागत नाही.

लाल पट्टीचा उपयोग फार झाला. पहिले काही दिवस आत्याबाई दाराशी थांबून उजवीकडेच बघायच्या, मी गप्प थांबायचे. मग मान हळूहळू फिरायची, पट्टी सापडली की त्या मोठ्याने 'हाय, हाय' म्हणायच्या आणि पाऊल टाकायच्या. आता न सांगता करतात. ताटातली भाजी अजून मधेमधे राहते.

दूध कट्ट्यावर अजून गेलो नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, तिथं खुर्ची ठेवलीय, बसतात, परत येतात. मिस्टर म्हणाले गाडीवरून नेऊन आणू, तर त्या म्हणाल्या, 'गाडीवरनं कशाला, चालतच जाणार.' आबा, त्यांना तुमचं पडल्यावर उठायचं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच चटई मागितली.


आबा_कळंबा

झ्याक. त्यांस्नी म्हणावं, आबा म्हणतोय घाई नगं. आनी कट्ट्यावर गेला तर गिलास उजव्या हातात धरायचा म्हंजे काठी सोडाय लागणार. तवा डाव्या बाजूला तू हुबी राहा, पट्ट्याला धरून.


कागलकर

उशिरा वाचतोय. माझ्या वडिलांना स्ट्रोक होऊन दोन वर्षं झाली. तेव्हा आम्हाला 'सहा महिन्यांत जे येईल ते येईल, नंतर काही नाही' असं सांगितलं गेलं, म्हणून व्यायाम सोडून दिला. ते घरात भिंतीला धरून चालतात, बाहेर पडत नाहीत. आता काही होईल का? आणि अपंगत्वाच्या दाखल्याचं कुणाला माहीत आहे का?


मेंदू_आणि_नसा

होईल. पहिले तीन ते सहा महिने वेग जास्त असतो हे खरं, पण सहा महिन्यांनी दार बंद होत नाही. फिजिओताईंनी सांगितलेल्या त्याच चाचणीत एका गटाची ट्रेडमिल दोन महिन्यांनी सुरू केली होती आणि दुसऱ्याची सहा महिन्यांनी. वर्षअखेर दोघांत फरक नव्हता. दोन वर्षांनंतर गेलेला हात फारसा परत येत नाही, पण चालण्याचा वेग आणि दम सरावाने वाढतो. वडिलांचा निम्मा त्रास स्ट्रोकचा आणि निम्मा बसून राहिल्याचा असण्याची शक्यता आहे. बसून राहिल्याचा भाग भरून निघतो.

आधी तीन गोष्टी तपासून घ्या. बीपी आणि साखर ताब्यात आहे का. पायाचे स्नायू ताठरलेत का, असतील तर त्यावर गोळ्या आणि इंजेक्शनं आहेत. आणि ते उदास आहेत का. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि ते उपचाराने बरं होतं. बाहेर न पडणारा माणूस पायामुळे पडत नाही की मनामुळे, हे घरच्यांना ओळखता येत नाही.

दाखल्यासाठी २०१६ च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलं तर सवलती मिळतात. यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करायचा आणि तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आपल्या जिल्ह्यात सीपीआरला. स्ट्रोकच्या वेळची सगळी कागदपत्रं आणि सीटी स्कॅनचा रिपोर्ट बरोबर ठेवा.


फिजिओ_करवीर

कागलकर, पहिल्या दिवशी फिजिओकडे जाताना वडिलांचे रोजचे चपला-बूट आणि काठी घेऊन जा, नवीन घेऊ नका. काठी बहुतेक वेळा उंच असते. ते ताठ उभे राहून हात मोकळा सोडतील तेव्हा मूठ मनगटाच्या रेषेवर यायला पाहिजे, आणि काठी चांगल्या हातात. आधी काठी, मग अधू पाय, मग चांगला. जिना असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. तुम्ही चढताना त्यांच्या मागे आणि उतरताना पुढे, एक पायरी खाली.

दहा मीटर अंतर खडूने आखून त्यांना नेहमीच्या चालीने चालवा आणि मोबाईलवर वेळ मोजून लिहून न्या. पंचवीस सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर ते घरापुरतं चालणं धरतात. साडेबारा सेकंदांच्या आत आले की बाजारात, रस्त्यावर फिरता येतं. तो आकडा दर महिन्याला परत मोजायचा. कुठल्या बाजूला अशक्तपणा आहे आणि घरात जिना आहे का, ते इथं लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.


कागलकर

उजवी बाजू. जिना आहे, कठडा फक्त एका बाजूला, चढताना डाव्या हाताला येतो. उद्या सकाळी खडूने आखून बघतो.


सुतारकाम_उचगाव

म्हणजे चढताना चालणाऱ्या हाताला कठडा आहे, उतरताना नाही. दुसऱ्या बाजूला भिंत आहे का? असेल तर फोटो टाका, पाइप बसवायचं माप सांगतो.